एका म्यानात दोन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. एका घरात दोन कारभारी झाले की काय होतं, हे कुणाला सांगायला नको. संगणकाच्या बाबतीतही ही म्हण पुष्कळ वर्षं खरी होती. घरच्या किंवा कचेरीतल्या संगणकावर एका वेळी एकच ऑपरेटिंग सिस्टिम चालायची. विंडोज तर विंडोज, लिनक्स तर लिनक्स. दोन्ही एकदम हवं म्हटलं, तर जमत नसे.

आज ज्या युक्तीबद्दल मी बोलणार आहे, तिने ही म्हण निदान संगणकापुरती खोटी ठरवली. तिला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण आभासी संगणक म्हणू. समजा, तुमच्या टेबलावर नवा संगणक आहे आणि त्यावर नवं विंडोज चालू आहे. त्यातच एक चौकट उघडते आणि त्या चौकटीत २००१ सालचं विंडोज एक्सपी सुरू होतं. तीच हिरवी टेकडी, तेच निळं आभाळ, कोपऱ्यात तेच हिरवं ‘स्टार्ट’चं बटन. त्यात जुना प्रोग्रॅम उघडा, टाइप करा, साठवा. बाहेरचं विंडोज त्याच वेळी आपलं काम करत असतं. चौकट बंद केली की आतला संगणकही बंद.

हा नुसता संगणकवाल्यांचा खेळ असता, तर त्यासाठी तुमचा वेळ घेण्याचं कारण नव्हतं. पण गेली वीस-पंचवीस वर्षं मी छापखान्यांचे, वाचनालयांचे आणि लहानसहान कचेऱ्यांचे संगणक सांभाळत आलो आहे, आणि एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत संगणकावर जुळवलेली कितीतरी मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांची इतिवृत्तं त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये कोंडून पडली आहेत. फाइल आहे, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही. आणि ज्या जुन्या संगणकावर ते चालतं, तो शेवटच्या घटका मोजतो आहे. या कोंडीतून वाट काढायला आभासी संगणक उपयोगी पडतो. ती वाट कशी निघते, हे कळण्यासाठी आधी त्याची रचना समजून घेऊ.

संगणकात प्रोसेसर असतो, मेमरी असते, डिस्क असते. शिवाय कीबोर्ड, पडदा, प्रिंटर. तुम्ही एखादं अक्षर टाइप करता किंवा छपाईचा हुकूम देता, तेव्हा तुमचा प्रोग्रॅम या यंत्रभागांना स्वतः हात लावत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करतो. कुणाला किती मेमरी द्यायची, डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवायची, प्रोसेसरचा वेळ कुणाला कधी द्यायचा, हे सगळं ती ठरवते. साऱ्या किल्ल्या तिच्या कमरेला. आणि सगळं यंत्र आपल्या एकटीच्या ताब्यात आहे, असं गृहीत धरूनच ती लिहिलेली असते. म्हणून दोघी एकत्र नांदत नाहीत.

यावर एक साधा उपाय होता आणि तो अजूनही वापरला जातो. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. संगणक चालू करताना विचारणा होते : आज कोण? तुम्ही एकाची निवड करता, दुसरं झोपलेलं राहतं. याला ड्युअल बूट म्हणतात. पण यात दोन्ही तलवारी एकदम म्यानात नसतातच. एक आत घालण्यासाठी दुसरी बाहेर काढावी लागते. एका सिस्टिममधून दुसरीत जायचं, तर हातातलं काम थांबवून संगणक पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नाही.

आभासी संगणकाची तऱ्हा वेगळी. रेडिओवर आकृती काढून दाखवता येत नाही, म्हणून एक जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाड्यात मालकाचं कुटुंब राहतं. त्यांच्याकडे एक वृद्ध सरदार मुक्कामाला येतात. त्यांना आयुष्यभर स्वतःच्या वाड्यात हुकमत गाजवायची सवय. त्यांना मागच्या दोन खोल्या दिल्या आहेत, पण वाड्याचे दिवाणजी मोठे हुशार. त्यांनी त्या दोन खोल्यांत अशी व्यवस्था लावून दिली आहे की, सरदारांना वाटावं हा अख्खा वाडा आपलाच. स्वतंत्र नळ आहे, विजेचा मीटर आहे, टपालाची पेटी आहे. सरदार आपल्या खोलीत जेवतात, वाचतात, झोपतात, त्यात कुणी लुडबुड करत नाही. मात्र सगळ्या वाड्याची वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचकडे त्यांचा हात गेला की, दिवाणजी तो हात हळूच अडवतात, फक्त त्या दोन खोल्यांतला दिवा मालवतात आणि अदबीने सांगतात, “झालं, सरकार.” सरदार समाधानी, मालकाच्या घरातला दिवाही तेवत राहिलेला.

वाडा म्हणजे तुमचा खरा संगणक. मालक म्हणजे त्यावर आधीपासून असलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिला संगणकाच्या परिभाषेत यजमान म्हणतात. सरदार म्हणजे आत आलेली दुसरी सिस्टिम, म्हणजे पाहुणा. आणि दिवाणजी म्हणजे आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर. त्याला हायपरव्हायजर असं भारदस्त नाव आहे. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही ही त्यातली लोकांच्या वापरातली नावं.

पाहुण्याला जे जे दिसतं, ते दिवाणजींनी उभं केलेलं असतं. त्याला ४० गिगाबाइटची डिस्क दिसते. प्रत्यक्षात ती यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते. त्याला नेटवर्क कार्ड दिसतं. ते सॉफ्टवेअरने वठवलेलं सोंग असतं. मेमरी मात्र खरी असते, पण वाटून दिलेली. तुमच्या संगणकात ८ गिगाबाइट मेमरी असेल, तर त्यातली अर्धा गिगाबाइट एक्सपीला दिली तरी तो खूश असतो, कारण त्याच्या जमान्यात १२८ मेगाबाइट ही शिफारस केलेली मेमरी होती.

आता खरा प्रश्न येतो तो हात अडवण्याचा. दिवाणजींना कसं कळतं की सरदार मुख्य स्विचकडे निघाले? प्रोसेसरला दिल्या जाणाऱ्या आज्ञा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. बेरीज कर, हा आकडा तिकडे ठेव, या दोन संख्यांची तुलना कर, अशा साध्या आज्ञा कुणीही द्याव्यात. पण मेमरीची वाटणी बदल, यंत्रभागांकडून येणाऱ्या हाका थोपव, अशा राखीव आज्ञा फक्त अधिकार असलेल्याने द्यायच्या. पाहुणा सिस्टिमला हा अधिकार दिलेलाच नसतो. तिने साधी आज्ञा दिली की ती थेट खऱ्या प्रोसेसरवर, पूर्ण वेगाने चालते. राखीव आज्ञा दिली की प्रोसेसर अडतो आणि कारभार हायपरव्हायजरकडे सोपवतो. तो त्या आज्ञेचा परिणाम फक्त आभासी संगणकापुरता घडवून आणतो आणि पाहुण्याला पुढे चालू देतो. बहुतेक आज्ञा साध्याच असल्यामुळे हा सारा संसार फारसा मंदावत नाही.

ही कल्पना अलीकडची वाटेल, पण ती साठ वर्षांची आहे. अमेरिकेतल्या केंब्रिज या गावी आयबीएम कंपनीचं एक संशोधन केंद्र होतं. तेव्हाचे संगणक खोलीभर पसरलेले आणि अतिशय महाग. एका माणसाला एक संगणक देणं परवडण्यासारखं नव्हतंच. त्या केंद्रातल्या मंडळींनी सीपी-४० नावाची प्रणाली तयार केली आणि १९६७ साली ती रोजच्या वापरात आली. एका खऱ्या संगणकावर ती १४ आभासी संगणक चालवू शकत असे. प्रत्येकाच्या वाट्याला २५६ किलोबाइट मेमरी. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोलाही याहून जास्त जागा लागते. पुढे १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने ही सोय गिऱ्हाइकांसाठी बाजारात आणली. तिच्याच वंशातली झेड/व्हीएम ही प्रणाली आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर आजही चालते.

मग ही सोय आपल्या टेबलावरच्या संगणकात यायला १९९९ साल का उजाडावं लागलं? याचं कारण प्रोसेसरच्या घडणीत होतं. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी आभासी संगणक चांगला चालण्यासाठी प्रोसेसर कसा असावा, याचा नियम मांडून ठेवला होता. ज्या ज्या आज्ञेने यंत्राच्या ताब्याला धक्का लागतो, ती प्रत्येक आज्ञा अनधिकृत माणसाने दिल्यास प्रोसेसरने अडवली पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. इंटेलचे प्रोसेसर या कसोटीला उतरत नव्हते. २००० साली दोन अमेरिकी अभ्यासकांनी पेंटियमच्या सुमारे २५० आज्ञा एकेक करून तपासल्या, तेव्हा त्यांत अशा १७ आज्ञा निघाल्या.

या १७ आज्ञांची खोड काय होती, ते एका उदाहरणाने सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिमला कधी कधी नाजूक काम करायचं असतं. तेव्हा ती प्रोसेसरला सांगते की, थोडा वेळ कीबोर्ड, डिस्क वगैरे कुणाचीही हाक माझ्यापर्यंत येऊ देऊ नकोस. अधिकार नसताना हे एका विशिष्ट आज्ञेने सांगितलं, तर पेंटियम तक्रारही करत नसे आणि ऐकतही नसे. तेवढा भाग तो गुपचूप गाळून टाकत असे. पाहुणा सिस्टिमला वाटायचं आपलं काम झालं. दिवाणजींना तर काही घडल्याचा पत्ताच नसायचा. अशा ठिकाणी पाहुणा कोलमडणार, हे ठरलेलं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक मेंडेल रोझेनब्लम, त्यांच्या पत्नी डायन ग्रीन आणि आणखी तीन सहकारी यांनी १९९८ साली व्हीएमवेअर कंपनी काढली आणि यावर उतारा शोधला. पाहुणा सिस्टिमचा कारभाराचा भाग प्रोसेसरवर जाण्याआधीच त्यांचं सॉफ्टवेअर तो वाचून काढी. त्यात अशी फसवी आज्ञा दिसली की तिच्या जागी निरुपद्रवी आज्ञांचा संच घाली. मूळ प्रोग्रॅमची डिस्कवरची प्रत तशीच राही. बदल चालता चालता होत असे. मे १९९९ मध्ये त्यांचं व्हीएमवेअर वर्कस्टेशन बाजारात आलं आणि साध्या पेंटियमवर एका चौकटीत दुसरी सिस्टिम चालताना लोकांनी पाहिली. पुढे इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली प्रोसेसरमध्येच ही सोय केली. तेव्हापासून दिवाणजींचं बरंचसं काम वाड्याच्या भिंतीच करू लागल्या. आजच्या बहुतेक संगणकांत ही सोय असते; क्वचित ती कारखान्यातून बंद करून पाठवलेली असते. आभासी संगणक सुरूच होत नसेल, तर संगणक चालू होताना येणाऱ्या बायोसच्या सेटिंगमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ हा शब्द शोधून ती चालू करून घ्यावी.

या युक्तीचा सगळ्यात मोठा उपयोग आपल्याला दिसत नाही. कंपन्यांच्या संगणक खोल्यांत एकेका कामासाठी एकेक सर्व्हर ठेवायची पद्धत होती आणि त्यातले बरेचसे दिवसाचा पुष्कळ वेळ नुसते वीज खात बसलेले असत. एकाच दणकट यंत्रावर दहा-वीस आभासी संगणक थाटले की जागा आणि वीज दोन्ही वाचतात. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात २००३ साली झेन नावाचा हायपरव्हायजर तयार झाला. त्याच्या पायावर अ‍ॅमेझॉन कंपनीने २००६ साली तासाच्या भाड्याने संगणक द्यायला सुरुवात केली. आज ज्याला क्लाउड म्हणतात, त्याचा मोठा भाग म्हणजे असे भाड्याचे आभासी संगणकच.

पण मला सांगायचा आहे तो उपयोग छोटा आणि आपल्या अंगणातला आहे.

युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीला १९९१ साली जागा मिळाली, पण ती आपल्या डीटीपीच्या टेबलापर्यंत पोहोचायला पुष्कळ वर्षं गेली. तोवर मराठी टायपिंगचा मार्ग वेगळा होता. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांकच साठवलेले असायचे. फॉन्ट मात्र असा बनवलेला की, त्या क्रमांकाच्या जागी ‘क’चा किंवा ‘म’चा आकार उमटावा. प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने हे क्रमांक लावलेले. त्यामुळे एकीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडला की भलतंच काही दिसायचं आणि फॉन्टच नसला तर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. म्हणजे मराठी मजकूर मराठी म्हणून वाचायचा, तर तो फॉन्ट, त्याचं सॉफ्टवेअर, त्याची परवान्याची डोंगल आणि हे सगळं ज्यावर चालेल ते विंडोज, अशी साखळी शाबूत असावी लागते. एक कडी तुटली की पुस्तक गेलं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी छपाईचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्या गावच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने निवृत्तीनंतर आसपासच्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. कुणी म्हटल्या, कुठल्या गावी म्हटल्या, त्यातल्या शब्दाचा अर्थ काय, हे सगळं टिपून. २००३ साली याच छापखान्यात ते पुस्तक पेजमेकरवर जुळवलं गेलं. प्रती केव्हाच संपल्या होत्या. पुढे बाई वारल्या आणि त्यांच्या हस्तलिखित वह्याही एका पावसाळ्यात भिजून गेल्या. ज्या म्हाताऱ्यांनी त्या ओव्या म्हटल्या होत्या, त्यांतलंही फारसं कुणी उरलं नव्हतं. २०१६ साली बाईंच्या नातीने दुसरी आवृत्ती काढायचं मनावर घेतलं, तेव्हा शिल्लक होतं ते एवढंच : एक वाचून जीर्ण झालेली छापील प्रत आणि छापखान्यातल्या एक्सपीच्या संगणकावरची फाइल. त्या संगणकाची डिस्क टकटक वाजायला लागली होती. छापखानेवाले मला म्हणाले, “साहेब, डबा मेला तरी चालेल, पण बाईंच्या ओव्या राहिल्या पाहिजेत.”

वाजणारी डिस्क फार वेळ चालवायची नसते. म्हणून ती काढून तिच्यावरचा कण न् कण आधी दुसऱ्या डिस्कवर एका फाइलमध्ये उतरवून घेतला. रात्रभर ते काम चाललं. मग त्या फाइलचं आभासी डिस्कच्या स्वरूपात रूपांतर केलं आणि नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक आभासी संगणक तयार करून त्याला ती जोडली. पहिल्या वेळी निळा पडदा आला. हे अपेक्षितच असतं. एक्सपी आपल्या जुन्या यंत्राची ओळख मनात धरून उठतो आणि समोर वेगळंच यंत्र दिसलं की बिचकतो. आभासी संगणकाची गंमत अशी की, यंत्रच सेटिंगमधून बदलता येतं. डिस्क जोडणारा भाग जुन्या पद्धतीचा निवडल्यावर एक्सपी निमूटपणे सुरू झाला. वाटेत त्याने पुन्हा नोंदणी मागितली. छापखान्याने विंडोजची पेटीबंद प्रत रीतसर विकत घेतलेली होती आणि तिच्या परवान्यात ती एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेण्याची मुभा होती. संगणकाबरोबर मिळालेलं विंडोज मात्र बहुधा त्याच यंत्राशी बांधलेलं असतं, हे ध्यानात ठेवावं. आभासी असलं तरी ते एक यंत्रच आहे आणि त्याला परवाना लागतो.

उरली फॉन्टची डोंगल. ती नशिबाने यूएसबीची होती. खऱ्या संगणकाला लावलेली यूएसबीची वस्तू थेट पाहुण्याच्या हवाली करण्याची सोय व्हर्च्युअलबॉक्समध्ये असते. जुन्या पद्धतीची, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टात खोचायची डोंगल असती, तर काम फार अवघड झालं असतं, कारण नव्या संगणकांना ते भोकच नसतं. डोंगल लागली, पेजमेकर उघडला आणि पानं जशीच्या तशी समोर आली. ओव्यांच्या ओळी, खाली तळटिपा, कडेला गावांची नावं.

इथे काम संपलं असं वाटेल, पण माझ्या दृष्टीने ते इथे सुरू झालं. त्या पानांची पीडीएफ काढून आवृत्ती लगेच छापता आली असती. पण त्या पीडीएफमध्येही आतला मजकूर तोच, इंग्रजी क्रमांकांचा. त्यात एखादा शब्द शोधता येत नाही, तो दुसरीकडे उचलून नेला तर पुन्हा काला. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणायचं ठरलं. हे रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी साठवलेली असते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती ‘क’च्या नंतर यावी लागते, कारण ती उच्चारात नंतर येते. रफाराची तऱ्हा याच्या उलट. जोडाक्षराच्या शेजारी वेलांटी आली की प्रोग्रॅम हमखास चुकतो. त्यातून बोलीतले शब्द. चुकलं की बरोबर आहे, हे त्याला काय कळणार? नातीने छापील प्रत समोर ठेवून अख्खं पुस्तक मोठ्याने वाचत तपासलं. अडलेल्या शब्दांसाठी ती पुन्हा त्या खेड्यांत जाऊन आली. दुसरी आवृत्ती निघाली आणि आता ते पुस्तक कुठल्याही साध्या मोबाइलवर उघडतं.

म्हणून मी आभासी संगणकाला सलाइन म्हणतो. सलाइनने रोगी तगतो. बरा व्हायला वेगळं औषध लागतं. जुनी सिस्टिम आभासी संगणकात ठेवली की मोडक्या लोखंडाची भीती जाते आणि आपल्याला वेळ मिळतो. तो वेळ मजकूर बाहेर काढण्यासाठी वापरायचा असतो. ‘चाललंय ना, मग राहू दे’ म्हणून दहा वर्षं काढली, तर कोंडी कायम राहते, फक्त लोखंडाच्या पेटीऐवजी फाइलच्या पेटीत.

पथ्यंही थोडी सांगितली पाहिजेत. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. तेव्हा आभासी एक्सपीला इंटरनेट जोडू नये. त्याचं नेटवर्क कार्ड सेटिंगमधून काढूनच टाकावं. आतला कप्पा बाहेरच्यापासून वेगळा असतो हे खरं, पण ती भिंत अभेद्य नाही. २०१५ साली काही प्रसिद्ध हायपरव्हायजरमध्ये एक दोष सापडला. त्यातून पाहुण्याला यजमानाच्या घरात शिरता आलं असतं. तो दोष होता आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या प्रोग्रॅममध्ये, जी फ्लॉपी तोवर जवळजवळ कुणी वापरत नव्हतं. दोष लगेच दुरुस्त झाला. पण हायपरव्हायजर नेहमी ताज्या आवृत्तीचा ठेवावा, हा त्यातला धडा.

दुसरं, अख्खा संगणक एक फाइल झाल्यामुळे त्याची प्रत काढणं सोपं झालं आहे, पण प्रत आपोआप निघत नाही. ती वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या घरात ठेवावी. स्नॅपशॉट नावाची एक सोय असते. आभासी संगणकाची या क्षणाची अवस्था टिपून ठेवायची आणि पुढे काही बिघडलं तर तिथे परत जायचं. काही करून बघायच्या आधी स्नॅपशॉट जरूर घ्यावा. मात्र तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला.

तिसरं, पाहुणा आणि यजमान यांचा प्रोसेसर एकाच जातीचा असावा लागतो, कारण साध्या आज्ञा थेट त्यावरच चालतात. अ‍ॅपलच्या २०२० नंतरच्या एम मालिकेच्या चिपची भाषाच वेगळी आहे. तिथे एक्सपी चालवायचा, तर प्रत्येक आज्ञेचं भाषांतर करणारं इम्युलेटर हे निराळं सॉफ्टवेअर लागतं आणि वेग बराच उतरतो. जुन्या कामासाठी साधा इंटेल किंवा एएमडीचा संगणक बरा.

हे सारं फक्त छापखान्यांपुरतं नाही. वाचनालयाची पुस्तकांची यादी, पतसंस्थेची जुनी खाती, डॉक्टरांच्या दवाखान्यातली केसपेपरची नोंद, कुणी स्वतः लिहिलेल्या आठवणी अशाच कुठल्या तरी जुन्या प्रोग्रॅममध्ये असतात. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. म्हणजे जुन्या यंत्रांची आणखी एक पिढी आता अडगळीत निघणार.

दिवाळीची साफसफाई आली की माळ्यावरचा संगणक भंगारवाल्याकडे जातो. तो देण्याआधी एक संध्याकाळ काढा. त्यावर कुणाचं काय आहे, ते घरच्यांना विचारा. विंडोजची आणि फॉन्टची सीडी, परवान्याचा कागद, डोंगल हे सगळं एका पाकिटात घालून त्यावर नाव लिहून ठेवा. डिस्कची प्रत जाणत्या माणसाकडून उतरवून घ्या. आणि मजकूर मोलाचा असेल, तर तो युनिकोडमध्ये आणायला लगेच लागा. त्यातल्या शब्दांचे अर्थ सांगणारी माणसं अजून आहेत तोवर.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)